दुकानावरच्या खोलीतलं फुकट सॉफ्टवेअर

शाळेतल्या टेबलाच्या खणात खडूचे तुकडे साठतात, तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण फेकून द्यायलाही हात धजत नाही. परळीच्या त्या खोलीतले किस्से माझ्याकडे असेच साठलेत.

परवा एका ट्रेनिंगला शेजारी बसलेल्या तरुण मास्तरने विचारलं, "मॅडम, हे ओपन सोर्स म्हणतात, त्याच्यावर पोट भरतं का हो?" मी म्हटलं, चहा सांग. याला उत्तर नाही, किस्से आहेत. बिचाऱ्याचं दुपारचं सेशन बुडालं, पण त्यात त्याचं काही नुकसान झालं असं मला वाटत नाही.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ नको. मी जयश्री, घाटनांदूरला गणित शिकवते. शाळेचं वेळापत्रक करायचं काम माझ्या गळ्यात. ज्यांनी ते केलेलं नाही त्यांना ते दुखणं कळायचं नाही. मराठीच्या सरांना पहिला तास नको, कारण त्यांची बस उशिरा येते. पीटीच्या सरांना दुपारचं ऊन नको. इतिहासाच्या बाई आणि भूगोलाच्या बाई एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून दोघींचा ऑफ तास एका वेळी नको!

नागनाथ माझा कॉलेजातला मित्र. पुण्याची नोकरी सोडून तो परळीला परत आला होता. माझी रड ऐकून त्याने बसल्या बसल्या एक प्रोग्राम लिहिला, नाव ठेवलं 'तासिका'. शिक्षक, वर्ग, विषय आणि सगळ्यांच्या कुरकुरी त्यात भरायच्या, की वेळापत्रक तयार. त्याचा पुण्यातला रूममेट धना, वडवणीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याने तासिका इंटरनेटवर टाकून दिली. नुसता प्रोग्राम नाही, आतला कोडसुद्धा. कुणीही घ्या, वापरा, बदला. मग धनाही नोकरी सोडून आला आणि आम्ही तिघं मिळून ती वाढवायला लागलो. ते दोघं कोड लिहायचे. मी सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरने परळीला जायची आणि मुख्याध्यापकांचे फोन घ्यायची. शिव्या खायचं काम बाईमाणसाकडे दिलं की शिव्या जरा कमी पडतात, हा धनाचा हिशोब.

नागनाथच्या वडिलांच्या किराणा दुकानावरची खोली म्हणजे आमचं ऑफिस. सकाळी आल्यावर आधी कीबोर्ड उपडा करून परळीच्या थर्मल वीजकेंद्रातून उडून आलेली राख झटकायची, मग काम.

वडिलांना सगळा बाजार अप्पा म्हणायचा. कपाळाला भस्म, कानावर पेन्सिल आणि जिभेला धार. त्यांनी पहिल्याच दिवशी मुदत घालून दिली होती. "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत कर काय करायचं ते. यातनं पोट भरलं तर बरंच हाय. न्हाई भरलं तर पाडव्याला मुकाट्यानं गल्ल्यावर बसायचं." नागनाथ हो म्हणाला. तेव्हापासून तो पाडवा त्याच्या डोक्यावर टांगती तलवार होऊन राहिला.

*

ओपन सोर्स म्हणजे काय, हे अप्पांना समजावून सांगायचा प्रयत्न नागनाथने एकदाच केला.

तो म्हणाला, "अप्पा, समजा आपण मिठाई केली. ती लोकांना फुकट द्यायची. आणि ती कशी केली, ते पण सांगायचं."

अप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजे मिठाई बी फुकट अन् आचारी बी फुकट?"

"हां, तसंच."

"मग तो आचारी जेवतो कुठं?"

नागनाथ उठून जिना चढायला लागला. कारण आचारी रोज खाली अप्पांकडेच जेवत होता.

पुढे कुणी गिऱ्हाइकाने विचारलं, की पोरगं काय करतंय सध्या, तर अप्पा गंभीरपणे सांगायचे, "समाजसेवा. निवडणुकीला तेवढं उभारलं न्हाई अजून." घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं, एवढाच अर्थ त्यांनी त्या मिठाईतून काढला होता. आणि खरं सांगू? तेव्हा मलाही त्यापेक्षा वेगळा अर्थ लागत नव्हता.

*

'फुकट ते पौष्टिक' असं आपण म्हणतो, पण फुकटचं पचवायला लोकांना फार जड जातं. वडवणीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक तासिका बघून खूश झाले. किंमत नाही म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. काहीतरी लफडं असणार! मग म्हणाले, ठीक आहे, पण नियमाप्रमाणे तीन कोटेशन लागतील.

फुकट वस्तूला कोटेशन? तर हो, लागतील. नागनाथने शून्य रुपयांचं कोटेशन सहीशिक्क्यासह दिलं. शिक्का नव्हता, म्हणून अप्पांच्या दुकानाचा मारला. बाकीची दोन मुख्याध्यापकांनी ओळखीच्या कंप्युटरवाल्यांकडून आणली. रीतसर तिन्ही पाकिटं फोडली आणि सर्वात कमी दराचं, म्हणजे शून्याचं, मंजूर झालं.

मग क्लार्क अडून बसला. शून्य रुपयांची खरेदी रजिस्टरला घेता येत नाही म्हणाला. शेवटी सगळ्यांच्या सोयीसाठी नागनाथने किंमत एक रुपया केली आणि नवीन कागद दिला.

तो कागद बघून मुख्याध्यापकांना एकदम हलकं वाटलं. ते क्लार्ककडे वळून म्हणाले, "बघितलं का? मी म्हणलो न्हवतो? आधी फुकट म्हणायचं, अन् नंतर हळूच वाढवायचं!"

*

पोटाचा प्रश्न मात्र तसाच होता. नागनाथचं म्हणणं, लोक वापरतील, आवडलं तर देणगी देतील. लोक वापरत होते. आवडतही होतं. देणगीच्या जागी आशीर्वाद येत होते.

धंद्याची वाट धनाला सुचली, आणि ती त्याच्या घरातूनच आली. आमच्याकडे पिकं निघाली की मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगतात. कळप काही रात्री तिथे मुक्काम करतो, लेंड्यांचं खत रानाला मिळतं, आणि त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य.

धना म्हणाला, "मेंढरं रस्त्यानं जाताना कुणाच्याबी बांधावर लेंड्या टाकतात. त्याचं आमी काय मागत न्हाई. पण आमच्याच रानात बसवा म्हणलं, की ज्वारी द्यायची. आपलं बी तसंच करू बे."

असा आमचा नियम ठरला. तासिका घरी बसून उतरवून घेतली तर फुकट. शाळेत येऊन चालू करून द्या, मास्तरांना शिकवा, असं म्हटलं तर मोबदला. जगात मोठमोठ्या कंपन्या याच पद्धतीने चालतात, असं नागनाथने आम्हाला नंतर वाचून दाखवलं. धनाने ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, त्यांच्यात कुणाकडे मेंढरं होती का.

नियमाची पहिली कमाई डोंगरातल्या एका छोट्या शाळेकडून आली. संस्थेकडे पैसे नव्हते. संस्थाचालक शेतकरी होते, त्यांनी खरोखरच एक पोतं ज्वारी दिली. धनाने ते बसच्या टपावर टाकून परळीला आणलं आणि दुकानाच्या दारात उतरवलं.

अप्पा उठून आले. पोत्यात हात घातला, दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना आमच्या धंद्यातलं काहीतरी हाताला लागलं होतं.

"मालदांडी हाय," ते म्हणाले. "माल लई चांगला हाय. कंप्युटरातनं निघालाय असं वाटत न्हाई."

*

या खोलीतली सगळ्यात मोठी चूक धनाची. तिचा मला अजून अभिमान वाटतो.

वडवणीच्या शाळेत आठवडी बाजाराच्या दिवशी शेवटचे दोन तास कुणी ठेवत नाही. पोरं आईबापाबरोबर बाजारात जातात, मास्तरांनाही भाजी घ्यायची असते. ही गोष्ट धनाला इतकी सवयीची, की त्याने ती सेटिंगमध्ये ठेवलीच नाही, थेट कोडात लिहून टाकली. जशी मधली सुट्टी असते तसा बाजार असतो, असं त्याच्या डोक्यात! त्यामुळे तासिका जिथे जाईल तिथे त्या वाराचे शेवटचे दोन तास रिकामे राहायला लागले. आमच्या घाटनांदूरलाही राहिले. मी गप्प बसले, माणसाने दर वेळी बोललंच पाहिजे असं नाही.

पावसाळ्यात नागनाथच्या ते लक्षात आलं. धनाची भरपूर खरडपट्टी काढून त्याने चूक दुरुस्त केली आणि नवीन आवृत्ती सोडली.

थोड्याच दिवसांत ब्राझीलमधल्या एका शाळेची मेल आली. मशीनने इंग्रजी करून पाठवलेली, पण मजकूर स्पष्ट होता. तुमचा कार्यक्रम उत्तम आहे. आम्ही वर्षाच्या सुरुवातीपासून वापरतो. नव्या आवृत्तीत आमची आठवड्यातली एक दुपार नाहीशी झाली आहे. त्या दुपारी मुलं फुटबॉल खेळतात आणि शिक्षक घरी जातात. कृपया ती चूक परत द्या.

ती मेल वाचून नागनाथने डोकं धरलं. धना मात्र उठून खिडकीत उभा राहिला आणि खाली अप्पांना ओरडून म्हणाला, "अप्पा, वडवणीचा बाजार ब्राझीलला भरला!"

चूक परत दिली. फक्त आता ती सेटिंगमध्ये आहे. हवी त्याने चालू करावी. तिचं नाव आजही जगभर 'बाजार' असंच आहे.

*

त्याच पावसाळ्यात नागनाथसाठी लातूरकडचं एक स्थळ आलं. मुलीचे मामा बघायला आले. पोहे झाले, चहा झाला, आणि मामांनी उत्पन्नाचं विचारलं. नागनाथ खोटं बोलू शकत नाही, हा त्याचा जन्मजात दोष. तो म्हणाला, "लोकांच्या देणगीवर चालतं."

मामांनी कपबशी खाली ठेवली आणि अप्पांकडे वळून हळूच विचारलं, "पोरगं मठात बसवलंय का तुमी?"

आमच्याकडे देणगीवर जगणारा म्हटलं की मठातले महाराज डोळ्यांपुढे येतात, त्यात मामांची चूक नाही. अप्पांनी खुलासा केला. मठ असता तर परवडलं असतं, असं वर म्हणाले. स्थळ मोडलं.

पुढच्याच आठवड्यात ते मामा ज्या शिक्षणसंस्थेत होते तिथून मला फोन आला. त्यांच्या तिन्ही शाळांना तासिका हवी होती. मामांनी नाव सुचवलं होतं, आणि फुकट मिळते असं आवर्जून सांगितलं होतं.

आम्ही हसलो. नागनाथही हसला, पण त्या दिवशी तो लवकर घरी गेला. मला वाईट वाटलं. फोटोतली मुलगी त्याला आवडली होती, हे त्याने सांगितलं नव्हतं तरी दिसत होतं.

*

या किस्स्यात हसण्यासारखं काही नाही, तरी सांगते.

दसऱ्याच्या आसपास, दुसऱ्या सत्राची वेळापत्रकं चालली असताना एका मोठ्या शाळेत तासिका अडकली. तिथल्या सुपरवायझरांनी मला फोन केला. माझ्याकडून समाधान झालं नाही म्हणून नागनाथला मागितलं, आणि त्याला नको नको ते बोलले. फुकट दिलं म्हणून काय वाटेल तसं द्यायचं का? आमच्या शाळेचं वाटोळं करायचा हक्क कुणी दिला? फोन स्पीकरवर होता. नागनाथने सगळं ऐकून घेतलं, चूक दुरुस्त केली, त्यांना पाठवली. मग लॅपटॉप मिटला आणि जिना उतरून खाली गेला.

मी आणि धना मागोमाग गेलो. नागनाथ गल्ल्यावर बसला होता. पाडव्याला वेळ होता अजून, पण तो आधीच जाऊन बसला होता. गिऱ्हाइकाला साबण देत होता, सुट्टे परत करत होता, आणि मान वर करत नव्हता.

अप्पा गोदामातून आले. वर्षभर त्यांना हेच बघायचं होतं. मला वाटलं, आता ते म्हणणार, बरं झालं, लेकरा, शहाणा झालास. ते उभे राहून बघत राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "कोण काय बोललं?"

"कुणी न्हाई."

"मग ऊठ. पाडव्याला टाइम हाय अजून. मुदतीच्या आधी मी माल घेत न्हाई."

नागनाथ उठला आणि पुन्हा वर आला. त्या संध्याकाळी अप्पांनी वर चहा पाठवला. तोपर्यंत कधी पाठवला नव्हता.

*

खोलीत आता पेंडीची पोती असतात. धना वडवणीला राहून शाळांची कामं करतो, त्याचं बरं चाललंय. मी आहे तिथेच आहे. तासिका अजून चालते, कुठल्या कुठल्या देशांत चालते. पण सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरमध्ये बसून परळीला जावं, कीबोर्ड झटकावा, धनाने कुणाची तरी नक्कल करावी आणि खालून अप्पांनी दम द्यावा, की काम करायलाव का खिदळायलाव, हे राहिलं नाही. मला त्याची फार आठवण येते. पगार मला तेव्हाही होता आणि आताही आहे, तेव्हा आठवण पैशाची नव्हे.

आता शेवटचा किस्सा. याच्यावर कुणी प्रश्न विचारला तर मी उत्तर देत नाही.

पाडवा आठवड्यावर आला होता. पुण्यातल्या एका कंपनीचा माणूस आम्हाला भेटायला परळीला आला. शाळांना सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. वर पोती चढवायचं काम चाललं होतं, म्हणून तो खाली दुकानातच बसला. स्टुलावरची राख रुमालाने पुसून घेतली आणि नागनाथला त्याने सगळं नीट सांगितलं. बोलायला भला माणूस होता. कंपनी तासिका विकत घेईल. नागनाथला पुण्यात नोकरी देईल, तासिकाचंच काम, आणि पगार असा, की लातूरचे मामा धावत परत आले असते. अट एकच. फुकटची तासिका बंद करायची. जिथे जिथे ठेवली आहे तिथून काढायची, आणि इथून पुढे कंपनीचीच वापरायची.

मी नागनाथच्या तोंडाकडे बघत होते. त्याने हो म्हणावं असं मला वाटत होतं, कारण वर्षभर त्याची ओढाताण मी बघितली होती. आणि तो हो म्हणाला तर मी त्याच्याशी पुन्हा बोलेन की नाही, याची मला खात्री नव्हती. धना जमिनीकडे बघत होता.

शेवटी नागनाथ म्हणाला, "अप्पा, तुमीच सांगा."

अप्पा एका म्हातारीला शेंगदाणे मोजून देत होते. पुडी बांधता बांधता त्यांनी त्या माणसाला विचारलं, "ज्या शाळांनी आधीच घेतलंय, त्यांचं काय?"

"त्यांना वर्षाचं भाडं भरावं लागेल, काका. सगळ्यांना सारखाच नियम."

"त्या ज्वारी देणाऱ्याला बी?"

ज्वारीचं त्या माणसाला काही कळलं नाही, पण तो हो म्हणाला.

अप्पांनी दोरा तोडला, पुडी म्हातारीच्या पिशवीत टाकली आणि हात झटकले.

"मग असं करा," ते म्हणाले. "पोरगं घिऊन जा. सॉफ्टवेअर ऱ्हाऊ द्या."

तो माणूस हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. अप्पांनी त्याचं हसणं संपू दिलं.

"हसू नका, साहेब. दुकानातनं गेलेला माल मी परत मागत न्हाई, अन् तो तर फुकट गेलेला हाय. तो मला इकता येत न्हाई. पोरगं तेवढं माझं हाय."

मग त्यांनी गल्ल्याच्या शेजारची, नागनाथसाठी पाडव्याला घालायची म्हणून आणून ठेवलेली नवी गादी उचलली, त्या माणसापुढे टाकली आणि म्हणाले, "बसा हितं आरामात. पोराचा भाव करू."